जिवाणूंना रांधून घालणारा कुकर

मित्रांनो, मी एक जुना कुकर आहे. तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष, कुकर तर आमच्याही घरी आहे. असेल ना! पण तुमच्या घरच्या कुकरला एकदा विचारून बघा, की ज्यांना ना तोंड, ना हात, ना पोट, अशा पाहुण्यांसाठी त्याने कधी स्वयंपाक केला आहे का? मी केला आहे. आयुष्यातली बहुतेक वर्षं मी दुसरं काहीच केलं नाही. आणि ते पाहुणे इतके लहान, की सुईच्या टोकावर त्यांची अख्खी वस्ती मावावी.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जाड ॲल्युमिनियमच्या पत्र्याची एक गोल चकती साच्याखाली आली, वरून दणका बसला आणि माझं पोट तयार झालं. मग झाकण आलं, झाकणाला रबरी रिंग, मधोमध शिट्टी आणि बाजूला एक छोटीशी झडप. शिट्टी तुंबली तर मी फुटू नये, म्हणून ती झडप. शेवटी एका कामगाराने माझ्यात पाणी घालून मला चांगलं तापवलं आणि कान लावून ऐकलं. कुठूनही वाफ निसटत नव्हती. "हा पक्का आहे," असं म्हणून त्याने मला खोक्यात घातलं. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

एका भावाने मला विकत घेतलं आणि आपल्या बहिणीला भेट म्हणून दिलं. ती माझी पहिली मालकीण. तिच्या स्वयंपाकघरात मी बटाटे उकडले, वाटाणे शिजवले, भात केला. मी तापट आहे हे तर तुम्हाला माहीतच आहे, ते माझ्या जातीचं लक्षण. पण मला आणखी एक खोड आहे. झाकण लागलं की मला आतलं कळतं, बाहेरचं दिसत नाही. झाकण उघडलं की बाहेरचं दिसतं, पण तोवर आतलं निघून गेलेलं असतं. त्यामुळे "मग पुढे काय झालं?" असं मनातल्या मनात विचारण्याची मला सवयच लागली. त्या बटाट्यांचं पुढे काय झालं, ते कुणाला आवडले का, हे मला कधी धड कळायचं नाही.

काही वर्षांनी मालकीणबाईंच्या मुलाचं लग्न झालं आणि घरात सून आली. म्हणजे मालकीणबाई आता सासूबाई झाल्या, म्हणून मीही त्यांना सासूबाईच म्हणतो. सुनेला मी म्हणतो बाई. बाई शेतीच्या एका संशोधन केंद्रात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होती. म्हणजे नेमकं काय, हे सासूबाईंना बरेच दिवस उमगलं नव्हतं. "माती तपासते म्हणे," असं त्या शेजारणीला सांगायच्या. "एवढी शिकली-सवरलेली पोर, आणि दिवसभर मातीत हात!"

एके दिवशी सकाळी बाई स्वयंपाकघरात आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

"आई, कुकर थोडे दिवस केंद्रात नेऊ का?"

"का गं? तिथे काय जेवणावळी उठतात?"

"जिवाणूंसाठी जेवण करायचंय."

सासूबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "कुणासाठी?"

"जिवाणूंसाठी. मातीत असतात ना, ते. आमचं वाफेचं मोठं यंत्र बंद पडलंय आणि दुरुस्तीचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय."

"म्हणजे आजवर माणसांना रांधून घातलं ते कमी पडलं, म्हणून आता मातीतल्या जंतूंनाही रांधून घालायचं? ने बाई, ने. पण परत आण हो."

बाईने मान डोलावली खरी, पण मी काही परत गेलो नाही. तिच्याच प्रयोगशाळेचा नियम होता, की इथे एकदा वापरलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकघरात जायचं नाही. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा मी शेगडीवर चढलेलो होतो. संध्याकाळी ती घरी नवा कोरा कुकर घेऊन गेली. पण सासूबाईंनी त्याला कधी मनापासून आपलं म्हटलं नाही. भावाने दिलेला तो हा नव्हे, असं त्या येता-जाता सुनेला ऐकवायच्या, हे मला पुढे बाईच्याच बोलण्यातून कळलं. तिचा नवरा दोघींच्या मध्ये पडायचा नाही. ते त्याला छान जमायचं.

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली. मध्ये दगडी टेबल, कोपऱ्यात मोरी, भिंतीला लागून एक उबेचं कपाट, आणि खिडकीच्या कट्ट्यावर कुंड्यांची रांग. बाईच्या मदतीला एक गृहस्थ होते. त्यांना सगळे मामा म्हणायचे, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. मामा माझ्या शिट्ट्या मोजायचे नाहीत. वाफ पूर्ण धरली, की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे आणि वेळ पुरी होईपर्यंत माझ्यासमोरून हलायचे नाहीत.

मी काय शिजवायचो, ते सांगतो. साखर, यीस्टचा अर्क, चिमूटभर क्षार, पाणी आणि समुद्रातल्या शेवाळापासून काढलेली एक पूड. ही पूड घातली की गार झाल्यावर सगळं घट्ट बसतं. हे मिश्रण काचेच्या चंबूत भरायचं, तोंडाला कापसाचा बोळा लावायचा आणि चंबू माझ्या पोटात. पण खरं काम शिजवण्याचं नव्हतंच. हवेत, पाण्यात, काचेवर, बोटांवर, सगळीकडे न दिसणारे जीव बसलेले असतात. बाईला ज्याला जेवू घालायचं आहे त्याच्या ताटावर हे आगंतुक आधीच बसले, तर तिला कळणार काय? म्हणून आधी मी दाटलेल्या वाफेत सगळ्यांना संपवायचं. मग बाई ते अन्न काचेच्या बशीत ओतायची, तार दिव्यावर लाल करून गार करायची, तारेने हवा तो जिवाणू उचलून बशीवर रेघा ओढायची आणि बशी उबेच्या कपाटात ठेवायची. एक-दोन दिवसांनी त्या रेघांवर ठिपके उठलेले असायचे. पांढरे, पिवळे, नारिंगी, काही सुरकुतलेले, काही ओलसर चकचकीत. एकेक ठिपका म्हणजे एकेका जिवाणूचं लाखोंचं खटलं.

इथे पहिल्यांदाच मला "पुढे काय झालं" ते बघायला मिळू लागलं. मी हरखून गेलो.

बाई एक बशी मात्र नेहमी मोकळी ठेवायची. तिच्यात माझं अन्न ओतायची, पण जिवाणू सोडायची नाही. त्या बशीत काही उगवलं नाही, म्हणजे माझं काम चोख. आता काहीच न उगवलेल्या बशीचं कौतुक कोण करणार? पाहुणे आले की रंगीत ठिपक्यांवर वाकून वाकून बघायचे, आणि माझी बशी मामा धुवायला घेऊन जायचे. मला त्याचं वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

सुरुवातीची काही वर्षं बाईचं काम खाण्याच्या पदार्थांतल्या जिवाणूंवर चाले. एकदा एक पाववाला कपाळाला हात लावून आला. त्याचे पाव सकाळी छान असायचे, पण दुसऱ्या दिवशी कापले की आतून चिकट तारा सुटायच्या आणि जास्त पिकलेल्या फळासारखा वास यायचा. गिऱ्हाइकं तुटायला लागली होती.

"भट्टी तर माझी लालबुंद असते, मॅडम," तो म्हणाला. "तिच्यात काय जिवंत राहणार?"

"भट्टी लाल असते हो, पण पावाच्या पोटात ओलावा असतो. तिथे उकळत्या पाण्याएवढीच उष्णता पोहोचते," बाई म्हणाली. "काही जिवाणू अंगावर टणक कवच चढवून झोपी जातात. उकळलं तरी ते मरत नाहीत. पाव गार झाला की उठतात आणि जेवायला बसतात."

मग ती स्वतः त्याच्या भट्टीवर गेली. परत आली ती पिठाच्या पोत्यांवरची धूळ आणि अंगणातली माती घेऊन. अंगणातला चिखल पोत्यांना लागत होता, पोती फरफटत आत येत होती. पावातल्या ठिपक्यांसारखेच सुरकुतलेले ठिपके त्या मातीतून उगवले. पोती फळ्यांवर ठेव, सगळी भांडी घासून काढ आणि कणकेत थोडं व्हिनेगर घाल, असं तिने सांगितलं. महिन्याभरात पाववाला टोपलीभर पाव घेऊन हजर! प्रयोगशाळेत खायला बंदी, म्हणून सगळ्यांनी ते व्हरांड्यात उभं राहून खाल्ले. मी आतून बघत होतो. कवच घालून झोपलेले जे जीव भट्टीला दाद देत नाहीत ते माझ्या वाफेत मात्र टिकत नाहीत, हे त्या दिवशी मला कळलं आणि मी चांगलाच फुशारलो. पण त्याबरोबर एक प्रश्नही पडला. चिमूटभर मातीत एवढा चिवट जीव राहतो, तर आणखी कोण कोण राहत असेल?

गंमत म्हणजे बाईलाही तोच प्रश्न पडला होता. तिने पाव आणि दूध दुसऱ्यांकडे सोपवलं आणि ती मातीकडे वळली.

केंद्राच्या कुंपणाजवळ मुरमाड जमिनीत एक रानटी वाटाण्याचा वेल होता. आजूबाजूचं गवत पिवळं पडलेलं, आणि हा आपला हिरवागार. बाईने तो अलगद उपटून आणला आणि मुळं टेबलावर पसरली. मुळांना बारीक बारीक गाठी होत्या. बाईने एक गाठ नखाने कापली. आतून ती गुलाबी होती.

"मामा, हे बघा. याच्या आत आपला माणूस बसलाय."

त्या गाठींत एका जातीचे जिवाणू राहतात. वाटाण्याचं मूळ त्यांना घर देतं, साखर देतं. बदल्यात ते हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला खाऊ घालतात. हवेतला नायट्रोजन झाडाला स्वतःला घेता येत नाही, आणि त्याच्याशिवाय ते पिवळं पडतं. बाईने त्या गाठीतून जिवाणू काढला, माझं अन्न त्याला वाढलं आणि तो वाढला. मामांनी त्याचं नाव गडी ठेवलं.

या गड्याने बाईला नाव मिळवून दिलं. गड्याला निर्जंतुक केलेल्या कोळशाच्या पुडीत मिसळायचं, पाकिटं भरायची आणि शेतकऱ्यांना द्यायची. त्यांनी पेरणीआधी बियाण्याला चोळायचं. वाटाणा जोमाने यायचा. खताची गोणी न टाकता हिरवागार! कोळशाची पूड, गड्याचं जेवण, सगळं माझ्याच पोटातून जायचं. त्या वर्षांत मला क्षणाची उसंत नव्हती. हँडल सैल झालं, बूड काळं पडलं, रिंगा कितीतरी बदलल्या. त्या दिवसांएवढा आनंदी मी कधीच नव्हतो.

आणि मग एक दिवस एक शेतकरीण ओल्या पोत्यात गुंडाळलेली झाडं घेऊन आली. तिने ती टेबलावर माझ्या शेजारीच ठेवली. पानं पिवळी, मुळं बोडकी.

"मॅडम, तुमचं पाकीट चोळून पेरलं. दर वर्षी पेरते तसंच," ती म्हणाली. "आता यात एक गाठ मला दाखवा. एक दाखवलीत तर मी हात जोडून परत जाते."

बाईने मुळं धुतली, भिंगाखाली धरली. गाठ नव्हती. पुढच्या काही आठवड्यांत आणखी शेतकरी आले. सगळ्यांचं एकच म्हणणं.

बाईने पाकिटं देणं त्याच दिवशी थांबवलं. मामांना म्हणाली, "पुढच्या पेरणीपर्यंत कारण सापडलं नाही, तर हे काम मी कायमचं बंद करणार. रिकामी पाकिटं देऊन लोकांच्या तोंडाला पानं पुसायची नाहीत."

"मॅडम, अर्धं आयुष्य घातलंत यात तुम्ही."

"म्हणूनच, मामा."

पहिला संशय कुणावर गेला असेल? माझ्यावर! जुना झाला, रिंगेतून फुसफुसतो, नीट तापत नसेल, कोळशाच्या पुडीत दुसरेच जंतू राहत असतील आणि तेच गड्याला खाऊन टाकत असतील. तर्क काही चुकीचा नव्हता. योगायोगाने तेव्हाच दुरुस्तीचा तो फिरणारा कागद कुठेतरी पोहोचला आणि केंद्रात दुरुस्तीऐवजी स्टीलचं मोठं नवं यंत्रच आलं. मला टेबलाखाली सरकवलं. मामांनी मला पुसून ठेवलं. त्या अंधारात मी एकच विचार करायचो, माझ्यामुळे बाईचं सगळं वाया गेलं असेल का?

नव्या यंत्रातून निघालेली पाकिटं बाईने केंद्राच्याच जमिनीत लावून बघितली. मुळं बोडकीच आली. तेव्हा तिने मला बाहेर काढलं, नवी रिंग घातली आणि माझ्यात अन्न शिजवून रांगेने बशा ओतल्या. कुणालाही जिवाणू लावला नाही. बशा उबेच्या कपाटात राहिल्या. दार उघडलं तेव्हा एकाही बशीत एक ठिपकाही नव्हता.

"कुकरचा काही दोष नाही, मामा," ती मोठ्याने म्हणाली.

मला केवढं हायसं वाटलं! पण बाईचा चेहरा उतरला. दोष देण्यासारखं होतं तेही आता हातचं गेलं होतं. तिने पाकिटं फोडून तपासली. गडी होता, भरपूर होता, खात-पीत होता, वाढत होता. मग मुळाजवळ गेल्यावर काम का करत नव्हता? ती दिवसचे दिवस बशांसमोर बसायची. पेरणी जवळ येत होती.

अशातच एक दिवस दुपारी दारात सासूबाई उभ्या! केस पांढरे झालेले, जिना चढून धाप लागलेली, हातात डबा.

"घरी येऊन जेवत नाहीस म्हणून इथे आणलाय," त्या म्हणाल्या. "जंतूंना वेळच्या वेळी वाढतेस, आणि स्वतः वाळत चाललीस. बघ जरा आरशात."

"आई, इथे खायचं नसतं. डबा व्हरांड्यात ठेवा, मी येते."

डबा ठेवून सासूबाई आत आल्या आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. "अगंबाई, हा माझा कुकर! काय दशा केलीस गं याची!" त्यांनी माझ्या झाकणावर हात फिरवला. इतक्या वर्षांनी तो हात लागला आणि मला अगदी भरून आलं.

मग त्या टेबलावरच्या बशीकडे वळल्या. "हेच का ते, ज्यांच्यापायी तुझी झोप उडालीय? मला तर नुसते ठिपके दिसतायत. यातला तुझा गडी कोणता?"

"हा बघा. टपोरा, चकचकीत. नव्या नळीत ठेवायचा असला, की सगळ्यात मोठा ठिपका बघून तोच उचलते मी."

"आणि हे बारके, मळकट?"

"ते मागे पडलेले. त्यांना आम्ही..."

बाई मध्येच थांबली. बशी हातात घेऊन खिडकीपाशी गेली, उजेडात धरली आणि तशीच उभी राहिली.

सासूबाई घाबरल्या. "काय झालं गं? काही भलतंच विचारलं का मी?"

"नाही, आई. भलतंच मी निवडत आले. इतकी वर्षं."

मित्रांनो, तिच्या लक्षात काय आलं, ते सांगतो. मुळात शिरणं, गाठ बांधणं, हवेतून नायट्रोजन पकडणं, ही कष्टाची कामं आहेत. ती येण्यासाठी जिवाणूला बरंच ओझं वागवावं लागतं. काचेच्या बशीत मात्र ना मूळ, ना माती. ताट आयतं समोर. तिथे ज्याने ते ओझं टाकून दिलं तो भराभर वाढला, टपोरा झाला, चमकायला लागला. आणि बाई दर वेळी प्रेमाने तोच टपोरा ठिपका उचलत गेली. चांगला जोपासावा म्हणून तिने जो निवडला, तोच आपलं काम विसरलेला होता. इतकी वर्षं त्याला मीच रांधून घालत होतो, आणि ते अन्न खाऊन तो सुस्तावला होता.

पण कळलं म्हणून भागतं का? बारक्या ठिपक्यांना तरी अजून काम येत होतं का? की सगळेच विसरले होते? ते विचारायचं तर वाटाण्यालाच विचारावं लागणार होतं. स्वच्छ वाळू हवी होती, आणि नव्या यंत्रासमोर तर केंद्रातल्या सगळ्यांची रांग. मामांनी मला शेगडीवर चढवलं. वाळू, आणि तीही दगडासारखी जड, माझ्यात पहिल्यांदाच शिजत होती. एकदा नाही, लागोपाठ काही दिवस, कारण झोपलेले जीव वाळूत दडून राहतात. माझी सगळी ताकद मी पणाला लावली.

खिडकीच्या कट्ट्यावर कुंड्या लागल्या. काहींना टपोरे ठिपके दिले, काहींना वेगवेगळे बारके, आणि काहींना काहीच नाही. मी समोरच टेबलावर. सुरुवातीला सगळी रोपं सारखीच हिरवी दिसायची, कारण बियाण्यातली शिदोरी पुरत होती. मग ती संपली आणि पानं पिवळी पडू लागली. टपोऱ्यांची पिवळी, काही न दिलेल्यांची पिवळी, आणि बारक्यांचीही बरीच पिवळी. मी रोज कट्ट्याकडे बघायचो आणि मला तर वाटायचं, की रोज एक हिरवं पान कमी होतंय.

रोपं उपटायच्या दिवशी सासूबाई हट्टाने आल्या. "माझ्या कुकरात शिजलेली वाळू आहे, मीही बघणार," म्हणाल्या. मामांनी त्यांना स्टूल दिलं.

मोरीत एकेक मूळ धुतलं जाऊ लागलं. टपोऱ्यांची मुळं बोडकी. बारक्यांतलं पहिलं बोडकं. दुसरं बोडकं. तिसऱ्याला दोन गाठी निघाल्या आणि मामांनी श्वास रोखला, पण कापल्यावर आतून त्या पांढऱ्या निघाल्या. म्हणजे घर बांधलं होतं, काम सुरू नव्हतं; कामाला लागलेली गाठ आतून गुलाबी असते. बाईने पुढची कुंडी ओढली, मग तिच्या पुढची. कट्टा रिकामा होत चालला.

शेवटून दुसऱ्या कुंडीतल्या मुळाला गाठींचा घोसच होता. बाईने एक गाठ तोडून तळहातावर घेतली. गाठ ओली आणि निसरडी, नख नीट लागेना.

"मी कापू का, मॅडम?" मामांनी विचारलं.

"नको. मीच."

तिने कापली. सासूबाई चटकन पुढे वाकल्या. "अगं, ही तर गुलाबी आहे!"

बाईने दुसरी कापली, तिसरी कापली. सगळ्या गुलाबी. मग ती मोरीपाशीच खाली बसली आणि हमसून हमसून रडली. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मामा उगाच घड्याळाकडे बघत होते. आणि मी? मला त्या वेळी शिट्टी वाजवता आली असती, तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. पण शेगडी बंद होती.

त्या बारक्याला बाईने वाढवलं आणि पेरणीआधी पाकिटं गेली. पीक उभं राहिल्यावर ती शेतकरीण पुन्हा आली. तिने मातीसकट एक वेल टेबलावर ठेवला. "घ्या मोजून," म्हणाली आणि हसली.

तेव्हापासून बाईने नवा नेम केला. गड्याला वर्षभर नळीत ठेवायचं नाही. दर वर्षी त्याला वाटाण्याच्या मुळात पाठवायचं, तिथे गाठ बांधली की त्या गाठीतूनच परत काढायचा. सासूबाईंना हे फार पटलं. "बरोबर आहे, वर्षातून एकदा माहेरी जाऊ दे त्याला," त्या म्हणाल्या. "सासरी नुसतं आयतं खाऊन लोळायला शिकलाय." पुढे कित्येक वर्षं प्रयोगशाळेत कुणी गड्याला कुंडीत सोडलं, की मामा "माहेरी गेला" असंच म्हणायचे.

वर्षं गेली. सासूबाई गेल्या. मामांनी काम सोडलं. एक दिवस बाईच्या निरोपाचा समारंभ झाला. त्याच आठवड्यात खोली रिकामी करताना कुणीतरी मला भंगाराच्या ढिगात टाकलं. बाईने ते पाहिलं मात्र, आणि ती धावत आली. "हा जाणार नाही," ती म्हणाली. तिने साहेबांशी बोलून केंद्राच्या दाराशी मला काचेच्या कपाटात जागा मिळवून दिली. स्वतः मला घासून लख्ख केलं. रिंग चिकटून खराब होऊ नये म्हणून काढून ठेवली. शेजारी छापील कार्ड लावलं. तिचे माझ्यावर फार उपकार आहेत, ते मी विसरलेलो नाही.

पण मित्रांनो, इथे धूळ नाही, धूर नाही, चटका नाही. दर सोमवारी कुणीतरी येऊन काच पुसतं. मी दिवसेंदिवस जास्तच चकचकीत होतोय, आणि ते मला काही बरं वाटत नाही. का, ते आता तुम्हाला सांगायला नको.

परवा शाळेची सहल आली होती. तुमच्याच वयाच्या एका मुलीने काचेला नाक लावून विचारलं, "हा अजून चालतो का?"

"माहीत नाही," सोबतचे गृहस्थ म्हणाले आणि पुढच्या कपाटाकडे वळले.

माहीत तर मलाही नाही. कदाचित मी अजून वाफ धरेन. कदाचित इतकी वर्षं नुसता उभा राहून सगळं विसरलोही असेन. पण माहीत नाही म्हणून कुंड्या तशाच ठेवून घरी गेलेलं मी या इमारतीत कुणाला पाहिलं नव्हतं. आयुष्यभराचं काम मातीत जाईल अशी भीती समोर असताना बाईने ती गाठ कापली होती, स्वतःच्या नखाने.

म्हणून जुन्या वस्तू जपा, एवढंच सांगून मी गप्प बसणार नाही. पुढच्या वेळी इथे याल तेव्हा कपाटाची किल्ली मागा. मोठ्या माणसांना सोबत घ्या, नवी रिंग बसवा, झडप तपासा, तळाशी पाणी घाला आणि मला शेगडीवर चढवा. वाफ धरली, तर वाळू द्या, माती द्या, काहीही द्या, पण काम द्या. नाही धरली, तर खुशाल भंगारवाल्याला हाक मारा, मी रागावणार नाही. फक्त बघितल्याशिवाय मला परत काचेत ठेवू नका.